वारा सरला का?

चारचौघांत ज्या गोष्टीचं नाव निघालं की बायका पदर तोंडाला लावतात आणि पुरुष उगाचच खाकरायला लागतात, त्या गोष्टीवर आमचे डॉक्टर जेवणाच्या पंगतीतसुद्धा बोलायचे. तेही कसं, तर लेकीच्या लग्नाची बोलणी चालल्यासारखं, अगदी गंभीरपणे, आवाज न चोरता. "वारा सरला का?" हा त्यांचा रोग्याला पहिला प्रश्न. रोगी डोळे आले म्हणून आलेला असो की पायात बाभळीचा काटा मोडला म्हणून, आधी वारा, मग बाकीचं.

मी आर्णीला त्यांच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले त्या दिवशी ते एका खाटेजवळ उभे होते. पोटाचा रोगी, म्हातारा, कानानं बहिरा. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "वारा सरला का?" म्हातारा गप्प. मला वाटलं, प्रश्न मलाच आहे. मी म्हटलं, "नाही जी, खिडकी लावलेली आहे."

डॉक्टर इतके हसले की चष्मा नाकावरून घसरून म्हाताऱ्याच्या छातीवर पडला. पुढं कितीतरी दिवस जो येईल त्याला ते सांगायचे, "आमच्या बाईनं वाऱ्याले खिडकी लावली!" मला असा संताप यायचा! मी अमरावतीची, नर्सिंगचा कोर्स करून आलेली, सगळे इंग्रजी शब्द तोंडपाठ. पण पोटातल्या वाऱ्याचा हा आपला मराठी शब्द मला कोणी शिकवलाच नव्हता. आमच्या घरी वारा फक्त बाहेर सुटायचा.

आज हे लिहायला बसले ते एका दुपारच्या आठवणीनं. त्या दुपारी सोनी नावाच्या एका पोरीचा जीव याच एका प्रश्नावर अडकून पडला होता. वारा सरला तर पोरगी जगणार, नाही सरला तर नाही. पण त्या दुपारी काय झालं ते कळायचं तर आधी आमचे डॉक्टर कळायला हवेत, आणि ते काही एका दमात कळणारं प्रकरण नव्हतं.

दिसायला किडकिडीत. धोतर, त्यावर काळा कोट, पायांत कॅनव्हासचे बूट. लग्न केलेलं नव्हतं. आई-बाप लहानपणीच गेलेले, नात्यातलं कोणी कधी आलेलं मी पाहिलं नाही. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचे आणि स्वतः रांधायचे. रांधायचे म्हणजे काय, तर प्रयोग करायचे. एकदा आठवडाभर नुसते वाल खाल्ले. एकदा तुरीचे ओले सोले, म्हणजे शेंगांतले हिरवे दाणे, सकाळ-संध्याकाळ. "काय करून राह्यले डॉक्टर?" असं विचारलं की म्हणायचे, "खालच्या लोकायची आवड पाहून राह्यलो."

खालचे लोक म्हणजे पोटातले. ही त्यांची आवडती गोष्ट. ती मी इतक्या वेळा ऐकली की झोपेत म्हणून दाखवीन.

"हे पाहा," समोर कोणीही असो, शेतकरी, मास्तर, तेलंगणाकडे माल नेणारा ट्रकवाला, डॉक्टर त्याच्या पोटावर बेंबीखाली बोट टेकवून सुरू करायचे, "इथं आपलं मोठं आतडं. त्याच्यात जिवाणू राह्यतात. मोजता येत नाही इतके. भाडेकरू म्हना. तुमी जन्मले तव्हा सगळ्या खोल्या रिकाम्या होत्या. मंग मायच्या दुधासंगं, धुळीसंगं, कोनी घेतलेल्या मुक्यासंगं एकेक करून ते आले, अन् बसले. आता तुमी भाकर खाता, ते वरच्या मजल्यावर पचते. पन हरभऱ्यात, तुरीत, वालात काही साखरा अशा असतात का त्या आपल्याले पचतच नाहीत. त्या तशाच खाली उतरतात. खाली हे बसलेलेच, वाट पाहत! ते त्याले आंबवतात. आंबिलीच्या मडक्यात बुडबुडे येतात ना, तसे बुडबुडे येतात. तोच वारा. आता सांगा, तुमी काय केलं त्याच्यात? काहीच नाही. ते तुमचं नाहीच. ते त्यायचं आहे."

"पन डॉक्टरसायब, वास?" एखादा धीट विचारायचा.

"वासाचंच घेऊन बसता तुमी! जवळपास सारी हवा तर बिनवासाची. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही काही लोकायच्या पोटात मिथेन, जो पेटवला तर जळते. यायले कोनालेच वास नाही. वास येते तो चिमूटभर गंधकाच्या वायूचा. चिमूटभर गंधकापायी साऱ्या खानदानाची बदनामी! अन् सगळी हवा खालूनच जाते असं नाही बरं. काही रक्तात शिरते अन् श्वासातून निघते. आत्ता तुमी बोलून राह्यले ना, त्याच्यातही असन थोडी."

एकदा हे ऐकून शाळेच्या मुख्याध्यापकांनी चटकन रुमाल तोंडावर धरला, आणि दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत काढला नाही.

गाव त्यांना वारेडॉक्टर म्हणायचं. तोंडावर डॉक्टरसायब, पाठीमागं वारेडॉक्टर. पोरंटोरं त्याहून उघडं काहीतरी म्हणायची, ते मी लिहीत नाही. डॉक्टरांना सगळं ठाऊक होतं. "म्हनू द्या ना बाई," म्हणायचे, "लोक आपलं नाव तर काढून राह्यले!"

बाजाराच्या दिवशी तर त्यांना ऊत यायचा. ओसरीवर उन्हात एक काचेची बाटली ठेवलेली, तिच्यात हरभरे वाटून पाण्यात कालवलेले, आणि बाटलीच्या तोंडाला पोरांच्या खेळण्यातला लाल फुगा बांधलेला. सकाळी फुगा मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा लोंबायचा. दुपारपर्यंत हळूहळू उठून उभा राहायचा. बाजारातून परतणारी माणसं डोक्यावरची गाठोडी तशीच ठेवून बघत बसायची. "कोनी फुंकला याले?" डॉक्टर विचारायचे. "मी फुंकला? बाईनं फुंकला? बाटलीले लाज आली का? मंग तुमाले कायले येते?" बायका खुदखुदत पळायच्या, पण पुढच्या बाजाराला दुसऱ्या चौघींना घेऊन यायच्या.

औषधाच्या बाबतीतही त्यांचं तऱ्हेवाईकच. कोणाला जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या द्यायची पाळी आली की त्या रोग्याच्या पोटावर हात ठेवून ते हळूच म्हणायचे, "माफ करा." रोग्याला वाटायचं, आपलंच काही चुकलं. मग मला म्हणायचे, "बाई, गुन्हेगार दोन-चार, पन मरन सगळी वस्ती. याले ताक प्यायले सांगा." मी सांगायची. न सांगून करते काय?

आणि ते पोट ऐकायचे. बाकीचे डॉक्टर छाती ऐकतात, हे पोट. नळी कानाला लावून, डोळे मिटून, पोटाच्या चारही कोपऱ्यांवर. बाहेर रांग लागलेली असायची आणि हे आपले गाणं ऐकत असल्यासारखे डोलताहेत. मी दोनदा खाकरले, तीनदा खाकरले, तरी हलायचे नाहीत. "छातीचं काय आहे बाई, तिथं एकच ठोका. पोटात सारा बाजार भरलेला असते."

एक वकील होते गावात. भारदस्त माणूस, घरात जेवायला चांदीचं ताट. एका सकाळी त्यांना चौघांनी खाटेवर घालून आणलं. छातीत कळा, कपाळावर घाम, मागं बायको रडते आहे, पोरं रडताहेत, कारकूनसुद्धा रडतो आहे. डॉक्टरांनी छाती ऐकली, नाडी पाहिली, पुन्हा छाती ऐकली. मग पोटावर टिचकी मारली. टिमकीसारखा आवाज आला. त्यांनी विचारलं, "रात्री काय जेवले वकीलसाहेब?" वकिलांऐवजी बायकोनं सांगितलं, "तुरीच्या सोल्यांची भाजी. तीन वाट्या." डॉक्टर म्हणाले, "उठा. मागच्या दारानं त्या लिंबापर्यंत चालत जा, अन् लाजू नका." वकील गेले. बराच वेळ गेले. परत आले ते स्वतःच्या पायांनी, चेहरा तांबडालाल, पण कळ गायब. त्यानंतर वकिलांनी रस्त्यात डॉक्टरांना कधी नमस्कार केला नाही. त्यांची बायको मात्र दर संक्रांतीला गुपचूप तिळाचे लाडू पाठवायची.

एकदा सिरिंजा उकळत ठेवल्या होत्या, रोगी कोणी नव्हता. मी विचारलंच. म्हटलं, "डॉक्टर, जगात इतके रोग आहेत. तुमाले हा एकच विषय काहून सापडला?"

त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. यवतमाळला शाळेत होते तेव्हा ते वार लावून जेवायचे. गरीब पोरांना तेव्हा अशी सोय असे, आठवड्याचे सात वार सात घरी. यांचा गुरुवार एका मोठ्या घरी होता. तिथं गुरुवारी दत्ताची आरती व्हायची, मग पानं. एका गुरुवारी आरती ऐन रंगात आली आणि या पोराच्या पोटातून आदल्या दिवशीचे हरभरे बोलले. मोठ्यानं बोलले. टाळ थांबले, घंटा थांबली.

"त्या माउलीनं जेवू घातलं हं," डॉक्टर म्हणाले. "पोटभर वाढलं. अन् मी हात धुवायले गेलो तव्हा मागं येऊन म्हने, पुढच्या गुरुवारपासून येऊ नको. मंग मॅट्रिक होईपर्यंत गुरुवार कोरडाच. लोकायले वाटायचं, पोट्टं दत्ताचा उपास करते! वाऱ्यापायी वार गेला, बाई!" आणि खो खो हसले.

मला हसू आलं नाही. मला त्या बाईचा इतका राग आला की हातातला चिमटा मी दाणकन ट्रेमध्ये आपटला.

"अन् मोठेपणी पुस्तकात वाचलं का ते आपलं नव्हतंच," ते म्हणाले, "तव्हा असा चिडलो मी! दुसऱ्यायनं केलं, अन् उपाशी मी राह्यलो."

तर असे आमचे डॉक्टर. आता सोनी.

सोनी आर्णीजवळच्या एका तांड्यावरची, बंजाऱ्यांची सून. अजून अंगावरची हळद उतरली नाही इतकी नवी. तिला बैलबंडीत घालून तिचा सासराच घेऊन आला, तांड्याचा नाईक. पांढऱ्या मिशा, डोक्याला भलंमोठं पागोटं, हातात काठी. त्याचा शब्द तांड्यात कोणी ओलांडत नसे, हे त्याच्याकडे पाहूनच कळायचं. सासू वारलेली. नवरा यवतमाळला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, त्याला निरोप गेला होता, पण तो काही पोचला नव्हता. पोरीचं पोट उजवीकडं दगडासारखं झालेलं. अपेंडिक्स. यवतमाळची मोटार निघून गेलेली, आणि बंडीत आणखी हादरे बसले असते तर ते आतच फुटलं असतं. डॉक्टरांनी तिथंच टेबलावर घेतलं. मी गुंगी द्यायला ईथरचा मास्क धरला. ऑपरेशन चांगलं झालं. फुटायच्या आत निघालं.

पण खरी परीक्षा नंतरची. पोट उघडलं की आतडं रुसून बसतं, हलत नाही. ते पुन्हा चालू झालं याची खूण एकच, वारा सरणं. तोपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब द्यायचा नाही. ओल्या कापसानं ओठ पुसायचे, बस.

सोनीचा वारा सरेना. सकाळी विचारलं, मान हलवून नाही. दुपारी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोट फुगत चाललं, टाके ताणले गेले, ओठ सुकून पांढरे झाले. सलाईनच्या बाटल्या दवाखान्यात होत्या त्या संपत आल्या. शेवटची लावली त्या दुपारी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, सांजपर्यंत पाहू. नाही सरला तर पोट पुन्हा उघडा लागन." आणि माझ्याकडे न बघता हात धुवायला गेले. पुन्हा ईथर दिलं तर ही पोरगी उठायची नाही, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं.

आणि तो म्हातारा नाईक! पोरगी टेबलावरून खाटेवर आली तेव्हापासून तो खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर मांडी घालून बसलेला. अंघोळीपुरता नदीवर जाऊन यायचा तेवढाच, तोही पळत. पोरगी पाणी पिईपर्यंत भाकरीला हात लावणार नाही, असं बोलून बसलेला. भूक फार झाली की कनवटीचे फुटाणे काढून एकेक चघळायचा. मी चिडून म्हटलं, "नाईक, बायकांच्या खोलीत असं बसत नाहीत. बाहेर व्हा."

तो म्हणाला, "बाई, रागावू नका. माही बायको अशीच दवाखान्यात नेलती म्या. मले म्हने बाहेर व्हा. म्या झालो. परत आत बलावलं तव्हा तिच्यावर चादर टाकेल होती. आता मी उठत नाही. मारा, हाना, उठत नाही." आणि सोनीकडं पाहून म्हणाला, "याडी, मी हाओ इथं." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. सुनेला तो लाडानं आई म्हणायचा. मग मी कोणत्या तोंडानं त्याला हाकलणार?

सोनी त्याच्याशी बोलायची नाही. नव्या सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, ही त्यांची रीत. ताप चढलेला, श्वास लागलेला, तरी तिचं घुंगट हनुवटीपर्यंत. कापसानं ओठ पुसायचे तर मला घुंगटात हात घालावा लागायचा. पोटातली हवा खालून काढायची रबरी नळी घालायला मी मधे कापडी पडदा लावला, तर तिनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली आणि नळी हातातच राहिली. पडद्यापलीकडं सासरा बसलेला. पडद्यानं दिसत नाही, पण ऐकू तर येतं.

शेवटच्या बाटलीतलं पाणी अर्ध्यावर आलं तेव्हा डॉक्टर पुन्हा आले. नळी कानाला लावली आणि तिचं पोट ऐकायला लागले. डावीकडं, उजवीकडं, खाली. कितीतरी वेळ. नेहमीसारखे डोलत नव्हते. मग एकदम त्यांनी डोळे उघडले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आतडं रुसलंच नाही. आतडं बोलून राह्यलं! भाडेकरू कामाले लागले कव्हाचेच."

"मग वारा?"

डॉक्टरांनी चादरीकडं बोट दाखवलं. चादरीखाली पोरीनं पाय एकात एक गुंतवून घट्ट आवळून घेतले होते. नखं गादीत रुतलेली. तेव्हा मला कळलं. अगं माझी माय! पोरगी मरायला टेकली होती ती आजारानं नाही. सासऱ्यासमोर आवाज होऊ नये म्हणून ती सगळं धरून पडली होती. म्हातारा मायेपोटी उठत नव्हता, आणि ही लाजेपोटी सोडत नव्हती.

डॉक्टर जाऊन नाईकाच्या शेजारी जमिनीवर बसले, धोतर सावरून, मांडीला मांडी लावून.

"नाईक, पोरगी धरून आहे."

"काय धरून?"

"वारा."

म्हातारा दचकला. "काहून?"

"तुमच्या पायी."

"माह्या पायी?" त्याचा आवाज फाटला. काठी घेऊन तो उठला, दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर उभा राहिला. आणि तसाच माघारी आला. "नाही जमत, सायब. पाय बाहेर पडत नाही माहा. बाहेर गेलो का चादर दिसते मले."

मग डॉक्टरांनी त्याला ती सगळी गोष्ट सांगितली. खोल्या, भाडेकरू, हरभऱ्याची साखर, आंबिलीचे बुडबुडे. पण बाजारातल्यासारखी हसत नाही. धीरानं, एकेक शब्द, एखाद्याला त्याच्या घरचं दुखणं सांगावं तशी. म्हातारा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत होता.

"हे सगळ्यायच्याच पोटात हाय?" त्यानं विचारलं.

"सगळ्यायच्या. राजाच्याही."

"नाईकाच्या?"

"नाईकाच्याही."

"अन् पोरगी माह्यासमोर लाजते."

"हो."

म्हाताऱ्यानं पागोटं नीट केलं, मिशीवरून हात फिरवला, पंचायतीत निवाडा द्यायला बसावं तसा ताठ बसला, आणि वर कौलांकडं पाहत किंचित कलला.

काय सांगू! तो आवाज खोलीत घुमला. सगळे फुटाणे एकदम बोलले. ओसरीवरचं कुत्रं भुंकायला लागलं. ज्या माणसाच्या शब्दापुढं तांड्यात कोणी मान वर करत नाही, त्यानं सुनेसमोर, परक्या बाईसमोर हे केलं. आणि वर खणखणीत आवाजात म्हणाला, "घे याडी. नाईक पादला. आता कायची लाज?"

आणि मला घुंगट हलताना दिसलं. पोरगी रडते असं वाटून मी धावले, तर ती हसत होती! टाक्यांवर दोन्ही हात दाबून, दुखतंय म्हणून कण्हत, तरी हसत होती. आणि हसणाऱ्या माणसाला काही धरून ठेवता येत नाही. गुंतवलेले पाय सुटले. आधी बारीक, लांबलचक, लाजत लाजत आलेला एक आवाज. मग दुसरा. मग एकामागून एक, थांबायचं नाव नाही. तिचं ते टरारलेलं पोट माझ्या हाताखाली खाली बसत गेलं. मी नर्स आहे, अशा वेळी रडायचं नसतं. मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले.

"सरला?" नाईकानं विचारलं.

"सरला!" डॉक्टर म्हणाले. "बाई, पानी आना."

मी चमच्यानं पाणी दिलं. तिनं ते लगेच गिळलं नाही, तोंडात घोळवत राहिली. मग गिळलं, आणि घुंगटातून माझ्या कानाशी पुटपुटली, "त्यायले भाकर द्या ना बाई." मी माझ्या खोलीत पळाले. ज्वारीच्या भाकरी आणि ठेच्याचा डबा होता तो तसाच उचलून आणला.

परत आले तर डॉक्टर अजून जमिनीवरच बसलेले, नाईकासमोर हात जोडून.

"अरे, अरे, हे काय करून राह्यले सायब?" म्हातारा गडबडला.

"नाईक, इतकी वर्षं मी साऱ्या मुलखाले सांगून राह्यलो, लाजू नका, लाजू नका," डॉक्टर म्हणाले. "पन मले सोताले अजून जमलं नाही. आजही मी मागच्या दारानं निघून जातो, दूर. कोनी मानूस असलं का पोट आवळून बसतो. त्या गुरुवारपासून आतापर्यंत एकदाही कोनासमोर जमलं नाही."

मी दारातच थांबले. इतकी वर्षं यांच्याबरोबर काम केलं, आणि हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बोलता बोलता मधेच उठून जायचे ते. मला वाटायचं, यांची लहर.

गुरुवार कोणता, ते नाईकाला काय ठाऊक! त्यानं विचारलंही नाही. त्यानं आपला खरबरीत हात डॉक्टरांच्या खांद्यावर ठेवला आणि अगदी साधेपणानं म्हणाला, "जमन सायब. त्याच्यात काय हाय? समोर फक्त आपलं मानूस पायजे."

डॉक्टर हसले, पण ते नेहमीचं हसू नव्हतं. "आपलं मानूस," असं स्वतःशीच म्हणाले आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. त्यांनी वर पाहिलं नाही. मी तिथंच उभी होते, हातात भाकरीचा डबा धरून.